शिष्यवृत्तीचा जवळजवळ मानकरी

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजच्या नोटीस बोर्डसमोर आयुष्य बदललं. किनारा प्रतिष्ठानची वसंत शिष्यवृत्ती. पुण्यात एम.एस्सी., विषय पर्यावरण. दोन वर्षांची फी, होस्टेल, जेवण, सगळं त्यांचं. संपूर्ण जिल्ह्यातून एकच विद्यार्थी. अटी: समाजसेवेचे शंभर तास, कॉलेजच्या वसंतोत्सवात जबाबदारीचं काम, आणि मुलाखत. मार्कांचा उल्लेख नाही. म्हणजे ही कुणीतरी मला डोळ्यासमोर ठेवूनच काढली आहे.

नाहीतर मे महिन्यापासून तळोजा. बाबा तिथल्या एका केमिकल कंपनीत आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. सुपरवायझरच्या मागे लागून त्यांनी पॅकिंग खात्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. बाबांच्या शर्टाला धुतल्यावरसुद्धा एक वास राहतो. तो मला नको आहे. हे त्यांना कसं सांगायचं, या विचारात गेलं वर्ष गेलं. आता सांगायची वेळच येणार नाही.

संकल्प: समाजाबद्दल प्रेम वाढवणे. सुरुवात उद्यापासून.

३ फेब्रुवारी

एन.एस.एस.च्या कुमार सरांना भेटलो. तू कोणत्या वर्षाला, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्या, म्हटलं. तीन वर्षांत कधी दिसला नाहीस, म्हणाले. काही लोक पडद्यामागे राहून काम करतात हे सरांना माहीत नसावं. वसंतोत्सवाचा मुख्य संयोजक व्हायची तयारी दाखवली. सरांनी पार्किंग दिलं. पार्किंग प्रमुख. प्रमुख हा शब्द महत्त्वाचा.

वर्गातली समृद्धी विचुंब्यात आमच्या घराजवळच बांधकाम मजुरांच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते. दोन वर्षं घेते म्हणे. मला माहीत नव्हतं. तू ये की, म्हणाली. तिला एकटीला झेपत नसणार. जाईन.

८ फेब्रुवारी, रविवार

वर्ग एका अर्धवट टॉवरच्या पार्किंगमध्ये भरतो. मी हवामान बदलावर बोललो. मुलं एकदम शांत होती. नंतर समृद्धी म्हणाली, यातल्या निम्म्यांना मराठी कळत नाही, कुणी बिदरचं आहे, कुणी ओडिशाचं. भाषेपलीकडचा संवाद म्हणतात तो हाच.

एका मुलीने भागाकार विचारला. पुढच्या वेळी बघू म्हटलं. लहान प्रश्नांत अडकलं की मोठं चित्र निसटतं.

आजचे तास: चार. प्रत्यक्ष शिकवणं फार तर पाऊण तास. पण जाणं-येणं, कपड्यांची निवड आणि दुपारी आलेला थकवा हेही समाजासाठीच झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

गाढी नदी स्वच्छता महाअभियान. कल्पना माझी, पोस्टर माझं, पोस्टरवर फोटोही माझाच. ग्रुपवर दीडशे जणांनी अंगठे दाखवले होते. आले दोघे. समृद्धी आणि तिचा भाऊ. गर्दी नसली की गुणवत्ता टिकते.

फोटोसाठी काठावरच्या दगडावर उभा राहिलो. तो दगड नव्हता. गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. समृद्धीने हात दिला, तर तीही घसरायला लागली. शेवटी सोनाबाईंनी बाहेर काढलं. त्या माझ्या आईबरोबर मार्केटात मासळी विकतात, आज काठावरच्या चिखलात निवट्या मासे शोधत होत्या. म्हणाल्या, "पाय हलवू नको पोरा, आजून खाली जाशील. कुनाचा तू? रंभाचा ना?" आईचं नाव ऐकूनही मी नाही म्हणालो. त्यांना पटलं नाही.

एक बूट नदीतच राहिला. स्वच्छतेच्या हिशेबात तो वजा धरावा लागेल. तरीही सहा तास.

२१ फेब्रुवारी

बाबा आज पहिल्या पाळीला होते, संध्याकाळी घरी. जेवताना विषय काढला. मी म्हणणार होतो, शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करतोय. तोंडातून निघालं, जवळजवळ झालीच आहे.

आई म्हणाली, "मंग कंपनीचा काय?" मी म्हटलं, कंपनीची गरजच पडणार नाही.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "नक्की हाय ना?"

नव्वद टक्के, म्हणालो. उरलेले दहा टक्के म्हणजे नुसती प्रक्रिया.

बाबांनी मान हलवली आणि जेवायला लागले. हे इतकं सोपं होतं. उगाच घाबरत होतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वसंतोत्सव. छातीवर बिल्ला. सकाळी दहापर्यंत पार्किंग उत्तम चाललं होतं, कारण कुणी आलं नव्हतं. अकराच्या सुमारास किनारा प्रतिष्ठानचे विश्वस्त स्टेजवर येणार असं कळलं. त्यांनी मला बघावं म्हणून हॉलमध्ये जाऊन पहिल्या रांगेच्या बाजूला उभा राहिलो. गेटवर कुणीतरी असेलच असं वाटलं. ते कुणीतरी मीच होतो, हे नंतर लक्षात आलं.

मंडपवाल्याचा टेम्पो गेटमध्ये आडवा अडकला. मागे गाड्या, त्यांच्या मागे रिक्षा, मग एक एस.टी. हॉर्न हॉलमध्ये ऐकू येत होते. विश्वस्तांची गाडी त्या एस.टी.च्याही मागे होती. ते उन्हातून चालत आले. मी स्वागताला पुढे झालो. त्यांनी माझा बिल्ला वाचला. पार्किंग प्रमुख. मग घाम पुसत स्टेजकडे गेले.

कुमार सर म्हणाले, उद्या येऊ नकोस. मी दमलोय हे त्यांच्या लक्षात आलं. माणूस वरून कडक, आतून हळवा.

७ मार्च

रक्तदान शिबिर. सुई पाकिटातून बाहेर काढलेली बघितली आणि पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा पाय उशीवर होते आणि एक नर्स मला ग्लुकोजची बिस्किटं खायला घालत होती. ती बिस्किटं रक्तदात्यांसाठी होती, हे तिने दोनदा सांगितलं.

तास: तीन. आडवे असलेले धरून.

१९ मार्च, गुढीपाडवा

वाईट दिवस. सणाच्या दिवशी असं लिहू नये, पण आहे.

गुढी उभारून झाली. आई आत पुरणाचं बघत होती. बाबा काठीची दोरी घट्ट करता करता सहज म्हणाले, "सुपरवायझरला सांगला मी. त्या जागंवर दुसरा पोरगा घे. आमचा पुन्याला चाललाय शिकाया."

मी विचारलं, कधी सांगितलं. मागच्याच आठवड्यात, म्हणाले. गल्लीतल्या शिवाला घेतलं तिथे. त्याचे वडील पेढे घेऊन आले होते, ते फ्रिजमध्ये आहेत, खा. मग म्हणाले, "उगा धरून ठेवून काय करायचा? कुनाचा तरी भला होईल."

मी म्हटलं, बरोबर केलंत.

पुरणपोळी उतरली नाही. आईला वाटलं पोट बिघडलं. ओव्याचं पाणी दिलं.

२० मार्च

तासांची बेरीज घेऊन कुमार सरांकडे गेलो. सरांनी पेन घेतलं. कपड्यांची निवड खोडली. थकवा खोडला. रक्तदानाचं सगळंच खोडलं. जे उरलं ते शंभराच्या जवळपासही नव्हतं. मी म्हटलं, सर, माझ्याकडे दुसरं काही नाही. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, अजून वेळ आहे, काम कर.

ठीक आहे. काम करतो. दिसेल त्याला मदत करायची. कुणालाही सोडायचं नाही.

२२ मार्च, रविवार

पनवेल एस.टी. स्टँडवर सेवा. एका आजींच्या हातातली जड पिशवी उचलली. मदत करतोय हे सांगायच्या आधी उचलली, तेवढीच चूक. आजी ओरडल्या. माणसं जमली. एका कंडक्टरने कॉलर धरली. मी आयकार्ड दाखवलं, शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, आधी पिशवी दे.

आजींनी पिशवी उघडून सगळं तपासलं. माझा तास धरावा का, हे विचारायला सर नव्हते.

या गडबडीत वर्गाला गेलो नाही. समृद्धीचा फोन येऊन गेला. उचलला नाही. काय सांगणार?

५ एप्रिल, रविवार

अंगण झाडलं. आईने विचारलं, बरं वाटत नाही का.

वर्गाला गेलो. तीन मुलं बसली होती. बाकीची काम बदललं म्हणून आईबापांबरोबर दुसऱ्या साइटवर गेली. समृद्धी म्हणाली, होतं असं, नवीन येतील. तिला विचारलं, एवढं करून तुला मिळतं काय? तिने खडू शोधायला लावला.

मुलाखतीचं बोलावणं आलंय. तास कमी असूनही. सरांनी शिफारशीत प्रयत्नशील असा शब्द घातलाय. तासांपेक्षा वृत्ती महत्त्वाची, हे त्यांनाही पटलेलं दिसतंय. छातीत धडधडतंय. चांगली धडधड असावी.

११ एप्रिल, शनिवार

मुलाखत झाली. फारच छान झाली. एका ठिकाणी थोडी कमी छान.

तिघे होते. त्यात ते विश्वस्तही. नदीवर बोललो, हवामानावर बोललो, नेतृत्वावर तर त्यांनी थांबवेपर्यंत बोललो. मग त्यातल्या बाईंनी विचारलं, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव सांगा. मी म्हटलं, पुष्कळ मुलं आहेत. त्या म्हणाल्या, एकाचं सांगा.

राजू, म्हटलं. राजू कुठेतरी असतोच.

राजूला काय येत नव्हतं आणि आता काय येतं, त्यांनी विचारलं. खोलीतला एसी मोठ्याने चालू होता. मी म्हटलं, आत्मविश्वास. विश्वस्तांनी पाणी पुढे केलं. आपुलकीची खूण.

घरी आल्यावर आईने विचारलं, कसा झाला? फायनलच समज, म्हटलं. हे बोलताना तिच्याकडे बघितलं नाही.

१७ एप्रिल

मेल आला. कॉलेजच्या जिन्यात वाचला. यंदा आपली निवड होऊ शकली नाही. बसलो तिथेच. माणसं बाजूने वरखाली जात होती. शिवा मंगळवारपासून पॅकिंगला जायला लागला. मे महिन्यात मी सकाळी उठून कुठे जाणार, याचा विचार करायला गेलो, तर पुढे भिंतच.

मग मेल पुन्हा वाचला. खाली आणखी एक ओळ होती. तथापि, २६ तारखेच्या प्रदान समारंभात आपण स्वयंसेवक म्हणून सहभागी व्हावे अशी विनंती.

तथापि. नकार दिलेल्या माणसाला कुणी बोलावतं का? त्यांना मला जवळून पाहायचंय. ऐन वेळी पहिल्या क्रमांकाने पुण्याला जायला नकार दिला, तर समोर कोण असणार? वेटिंग लिस्ट असं लिहिता येत नाही, म्हणून तथापि लिहिलंय.

घरी सांगितलं, २६ ला नाट्यगृहात बोलावलंय. हे शंभर टक्के खरं आहे. आईने तोंडात साखर घातली. नंतर पाहिलं तर बाबा कपाटातला पांढरा शर्ट घेऊन इस्त्रीवाल्याकडे निघाले होते. कुठेतरी लग्न असेल.

२६ एप्रिल, रविवार

मेल अकरा जणांना गेला होता. जे जे नापास, त्या सगळ्यांना. समृद्धीही होती. तिने अर्ज केलाय का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आम्हाला पिवळे टी-शर्ट दिले, पाठीवर स्वयंसेवक. माझं काम पाहुण्यांना जागा दाखवायचं.

हॉल भरत आला. संयोजक म्हणाले, पहिल्या रांगेत पास नसलेलं कुणी बसलंय, त्यांना मागे न्या. गेलो. बाबा होते. शेजारी आई, लग्नातली साडी, केसांत गजरा. बाबांनी सुट्टी टाकली होती. दारातल्या वॉचमनला त्यांनी सांगितलं होतं, आमच्या पोराला बक्षीस हाय, म्हणून त्याने पुढे सोडलं.

मला बघून बाबा उठून उभे राहिले. "आमी चुकून बसलो काय?"

मी म्हटलं, मागे पंखा चांगला आहे.

आई म्हणाली, तुला स्टेजवर बोलावतील तेव्हा मागून दिसेल का. मी तिचा हात धरून पंधराव्या रांगेत नेलं. बाबा मागून येत होते. तेव्हाच त्यांना माझी पाठ दिसली असणार.

शिष्यवृत्ती पेणच्या अंकिता नावाच्या मुलीला मिळाली. ती कातकरी वाडीत मुलांना शिकवते. तिने भाषण केलं नाही, पंधरा-सोळा मुलांची नावं घेतली आणि खाली उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं. बाबाही वाजवत होते. आईने त्यांना काहीतरी विचारलं. ते तिच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलले.

खुर्च्या आवरून बाहेर आलो, तर दोघं पायरीवर थांबलेली. रिक्षा केली. आईने गजरा काढून पिशवीत ठेवला. विचुंब्याचा फाटा आला. मी सगळं सांगायचं ठरवलं होतं, पहिलं वाक्यही तयार होतं. ते निघालं नाही.

बाबाच बोलले. "पॅकिंग तर गेला. लोडिंगला मानसं लागतात मे महिन्यात. उद्या इचारू काय?"

मी म्हटलं, विचारा.