फर्मीनसाठी पाणी

मेक्सिको शहर, ८ जुलै

ती. एउलालियाताईस,
फिदेन्सियोचा सा. न. वि. वि. (नमस्कार वाकून केला असता, पण एकदा वाकलो की सरळ व्हायला दुपार होते.)

काचेची टाकी आली. माझ्या अंपारोच्या शिवणाच्या खोलीत ठेवली आहे, घरात तीच सगळ्यात थंड. मशीन खिडकीशी सरकवलं, खाट तिथेच राहू दिली. तुझा फर्मीन आजारी पडला तर त्याच्या सेवकाला आडवं व्हायला जागा नको का?

टाकीच्या दुकानवाल्या बाईंनी बजावलं आहे की अक्सोलोटल, म्हणजे तुझ्या फर्मीनच्या जातीचा पाणसरडा, आणायच्या आधी पाणी मुरवायचं, सहा आठवडे तरी. रिकाम्या टाकीत रोज थोडा अमोनिया घालायचा, म्हणजे तो खाणारे न दिसणारे जंतू गाळणीच्या स्पंजात घर करतात. पुढे फर्मीनची घाण तेच संपवतात. नमुना नळीत घेऊन त्यात औषध टाकायचं. हिरवा रंग आला तर पाणी विषारी, पिवळा आला तर तयार. थोडक्यात, चाळीस वर्षं लग्नांत ट्रम्पेट वाजवलेला तुझा भाऊ सध्या रिकाम्या टाकीत मोरीचा वास ओततो आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. शेजारीण विचारून गेली, मासे कुठे आहेत. यायचे आहेत, म्हणालो. तेव्हापासून ती मला रोज सूप आणून देते.

नोएमीचा मेरिदाहून फोन होता. तुझी लेक नमस्कारही हुकूम सोडल्यासारखा करते. नोव्हेंबरातला मृतांचा सण झाला की तुला कायमची घेऊन जाणार म्हणाली. तिथल्या उकाड्यात फर्मीन शिजून निघेल, म्हणून त्याने माझ्याकडे यायचं. त्याची सोय झाल्याशिवाय तू पाऊल उचलणार नाहीस, हेही तिने ऐकवलं. म्हणजे सगळा भार कोणावर, तर ज्याच्या खिडकीत पुदिनासुद्धा जगत नाही त्याच्यावर.

माया आहे तशी राहू दे. ती मुरलेली आहे.
तुझा, फिदेन्सियो

सोचिमिल्को, १६ जुलै

चि. फिदेन्सियोस,
अ. उ. आ., त्यातला एक कमरेसाठी वेगळा.

पत्र फुलवालीच्या टोपलीतून आलं. असंच पाठवत जा. फोनवर तू ओरडतोस, मला ऐकू येत नाही, आणि सगळ्या कालव्याला मात्र ऐकू जातं.

आपली आजी अक्सोलोटल मक्याच्या पानात गुंडाळून मिरचीबरोबर वाफवायची आणि तू माझ्या वाटणीचाही खायचास. आज त्याच कुळातल्या एकासाठी खोली रिकामी करतो आहेस. फर्मीनला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दल त्याचं मत चांगलं आहे, ते तसंच राहू दे.

बासिलियो गेल्यापासून सकाळी उठून मी पहिला शब्द फर्मीनशी बोलते. तो गालावरचे लाल तुरे हलवतो. तुझे भावजी तेवढंही करत नसत. टाकी अजून त्यांनी मांडली तशीच आहे, गाळणीतला स्पंज जुना होऊन काळाकुट्ट झाला आहे.

होडीत पाय घसरला तेव्हापासून गुडघा धड नाही. काठावर एकटीने राहू नये, हे नोएमीचं म्हणणं बरोबर आहे, आणि बरोबर आहे म्हणूनच मला त्याचा राग येतो. मला जायचं नाही रे. हे तिला कळवू नकोस.

पाण्याची घाई करू नकोस. जेवणात मात्र आळस नको.
एउलालिया

मेक्सिको शहर, २५ ऑगस्ट

ती. ताईस,
शरमेने मान खाली, त्यामुळे नमस्कार आपोआपच झाला.

सातवा आठवडा लागला आणि रंग हिरवागार. दुकानवाल्या बाई मला पाहिलं की पडद्याआड जातात. परवा रात्री टाकीला ट्रम्पेट ऐकवला, जंतूंना हुरूप यावा म्हणून. वरच्या मजल्यावरून चप्पल आली.

कष्टांत कसूर नाही. सकाळी अमोनिया, दुपारी नमुना, संध्याकाळी काच पुसणं, आणि घरातल्या सगळ्या पाण्यात घालतो तसे भाजी धुवायचे चांदीचे थेंब. अंपारो कोथिंबिरीची एक काडीही थेंबांशिवाय घरात घेत नसे. ती गेल्यापासून घरातली तेवढी एकच गोष्ट मी न चुकता करतो. तिच्या खोलीतल्या पाण्यात ते न घालणं मला जमलंच नसतं. पाणी आरशासारखं लख्ख आहे, पण मेलं पिवळं काही होत नाही.

नोएमीने तिकिटाची तारीख विचारली. मी खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

या नालायकावर लोभ कमी करू नकोस. सवय झाली आहे.
फिदेन्सियो

सोचिमिल्को, २ सप्टेंबर

चि. फिदेन्सियोस,
आशीर्वाद शेवटी. आधी बोलणी खा.

अरे शहाण्या, ते थेंब जंतू मारायचे! ज्यांना जेवण घालतोस त्यांनाच रोज संध्याकाळी विष पाजतोस आणि वर हुरुपासाठी ट्रम्पेट वाजवतोस! तुझं पत्र मी फर्मीनला वाचून दाखवलं, तो खोपट्यात जाऊन बसला. मी मात्र इतकी हसले की गुडघा विसरून उभी राहिले.

सगळं पाणी काढ, टाकी नुसत्या पाण्याने धू, स्पंज नवा घाल आणि पहिल्यापासून सुरुवात कर. अमोनिया आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध तेवढं घाल, बाकी काही नाही. अंपारोला राग येणार नाही. तिला जनावरं आवडायची, म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं.

नोएमीला कळवलं आहे की मामाने घोळ घातला. खात्री करून घ्यायला तिने फोनसुद्धा केला नाही.

आता आशीर्वाद घे. आणि पुन्हा सांगते, घाई नाही.
एउलालिया

मेक्सिको शहर, २७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. या वेळी खरोखर वाकून केला. शेजारणीने सरळ केलं.

पाणी पिवळं आहे. आजचं नाही, दोन आठवडे झाले. तुला कळवलं नाही, कारण कळवलं की तू जाणार.

त्यात दुकानवाल्या बाईंनी सहज सांगितलं की चालू टाकीतला जुना स्पंज थोडासा टाकला असता तर एवढे महिने लागलेच नसते. तुझा काळाकुट्ट स्पंज आठवला आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. बासिलियोच्या हाताखाली नऊ वर्षं टाकी सांभाळलेल्या बाईला हे माहीत नव्हतं? तू विसरलीस असं लिहिलंस तर मी मानेन. आजवर तुझं सगळंच मानत आलो आहे.

परवा मी थेंबांची बाटली घेऊन टाकीपुढे उभा होतो. चुकून नाही, जाणूनबुजून. दोन दिवस टाकले असते तर तुझं जाणं नाताळापर्यंत टळलं असतं. हात उचलला आणि माझंच हसू आलं. ट्रम्पेट फुंकून छाती एवढी मोठी झाली, पण बहिणीला एक साधी गोष्ट विचारायला तिच्यात दम नाही. म्हणून लिहितो. ती खाट सेवकासाठी नव्हती. मेरिदाला जाऊ नकोस, इकडे ये. मला एकट्याने करमत नाही.

बाटली मृतांच्या सणासाठी मांडलेल्या अंपारोच्या वेदीवर ठेवली आहे, पाव, संत्री आणि झेंडूच्या फुलांजवळ. आता वापरायची ती तिने वापरावी.

उत्तर येईपर्यंत लोभ उसना समजून दे.
फिदेन्सियो

सोचिमिल्को, ४ नोव्हेंबर

चि. फिदेन्सियोस,
अ. उ. आ.

विसरले नव्हते. पहिल्या दिवशीच मूठभर स्पंज पाठवता आला असता. रोज हात टाकीपर्यंत जायचा आणि परत यायचा. तू हिरवं लिहिलंस की मला शांत झोप लागायची. वर तुलाच मूर्ख म्हणत राहिले, कारण ते सोयीचं होतं आणि तुला सवय आहे.

शनिवारी येते. मांडीवर बादली असेल, बादलीत फर्मीन, पिशवीत काळा स्पंज. खाटेवर जाड गादी घाल. ट्रम्पेट वाजवायचा तर फर्मीनला विचारून वाजव, मला काही ऐकू येत नाही.

नोएमीला लिहिलं आहे की मामाच्या हातून पाणी काही मुरत नाही, मला स्वतः जाऊन बसावं लागेल, आणि या कामाला वर्षंही लागतात. तुझं नाव वाचून तिला लगेच पटलं.

तुझीच, एउलालिया

ता. क. तिचा फोन आला तर रंग हिरवा सांग.