खरबरीत बाजू वर

अहो,

कालपासून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि हे ऐकून ज्यांना खरा आनंद व्हावा ते तुम्हीच. तुम्ही गेल्यापासून झाकून ठेवलेला प्रिंटर मी चालू केला! सर्किटचा बोर्ड केला. एकटीनं.

झालं असं, शेजारच्या वच्छीआक्का आल्या. त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर तुम्ही लावलेला लुकलुकणारा दिवा बंद पडला होता. "बिबट्या उसात फिरतोय गं. दिवा व्हता तवर जवळ येत न्हवता. आता कुणाला सांगू?" तुमचं नाव काही घेतलं नाही त्यांनी.

आतला बोर्ड पार गंजलेला. त्याचं चित्र तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलं. पारदर्शक शीटवर छापलं, तर शाईचे नुसते थेंब! मग तुमचं बोलणं आठवलं, "ओलं बोट लाव. चिकटेल ती बाजू शाईची." खरबरीत बाजू वर करून घातली, तेव्हा रेघा उमटल्या. तरी फिकटच. मग तुम्ही करायचात तशा दोन शीट एकावर एक जुळवल्या. जुळवायला तुम्ही मलाच हाक मारायचात ना?

कोपऱ्यात तुम्ही घातलेलं 'सु' दिसलं. मागं मी त्यावर लाजले होते, तर म्हणे, "अगं, चित्र उलटं पडलं का सुलटं, ते कळायला अक्षर लागतं!" दुसरं अक्षर नव्हतं का हो कुठलं?

उन्हानं बदलणारा लेप दिलेल्या कोऱ्या तांब्याच्या बोर्डावर शीट दाबून उन्हात धरली, मग बोर्ड औषधांत धुतला. काळ्या रेघांखालचं तांबं तेवढं राहिलं. आणि तुमचा राग आला. बोर्डावरची केसाएवढी तुटलेली रेघ तुम्हाला दिसायची. स्वतःच्या छातीतलं दुखणं मात्र "गॅस असेल" म्हणून उडवून लावलंत. मला तरी नीट सांगायचं होतं!

तुमच्या डब्यातले सुटे भाग नव्या बोर्डावर डाखले, आणि दिवेलागणीला गोठ्यावर दिवा लुकलुकला. आक्कांनी माझे हात धरले. "सुमन, भाऊच आलं जणू."

"न्हाई आक्का," मी म्हटलं, "मी केलाय." आणि मलाच रडू फुटलं.

आता आक्कांकडून ऐकून घाटघरच्या एका बाईंचा निरोप आलाय. त्यांनाही असा दिवा हवाय. एवढ्या लांब एसटीनं मी एकटी कधी गेलेय का? पण जाईन. दिवा स्वतः बसवून देईन, आणि कुणी शिकवलं विचारलं तर तुमचं नाव मोठ्यानं सांगेन. आवाज न कापता सांगेन, असं वचन मात्र देत नाही.

तुमचीच,
सुमन