कच्चा कैदी, पक्का कैदी

प्रिय तुंजायदादा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. वकील शफाकताईंच्या हाती देतेय, म्हणजे तुरुंगाचा 'पाहिले' हा शिक्का त्यावर बसणार नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मोकळेपणाने लिहायला बसले, तर हातच चालत नाही.

आधी बातमी. मंगळवारी आपल्या कोर्टाने तुझ्या सुटकेचा अर्ज पुन्हा फेटाळला. न्यायाधीश माझ्याहूनही लहान असेल. म्हणाला, "स्ट्रासबर्गचा निकाल आम्हाला बंधनकारकच आहे, पण यांना तो लागू होत नाही." युरोपच्या कोर्टाने 'सोडा' म्हटलं ते म्हणे कच्च्या कैद्याला; तू तर आता शिक्षा झालेला पक्का कैदी! आणि ती शिक्षा सुनावली कधी? तो निकाल आल्यावर नवव्या दिवशी. कशासाठी, तर शिक्षक संघटनेच्या सभेतलं अकरा मिनिटांचं भाषण. शफाकताई बाहेर येऊन म्हणाल्या, "औषध येऊन पोचलं, तर यांनी आजाराचं नावच बदललं." मी हसले. रडणं घरासाठी राखून ठेवलं.

निकाल आला तेव्हा आईला कोण आवरणार होतं? "सात देशांचे सात न्यायाधीश सोडा म्हणालेत, आता कोण अडवतंय बघू!" असं म्हणत तिने दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी लोक्मावाल्याची गाडी उभी केली. नवस होता ना तिचा, गोड लोक्मा वाटायचा. ही रांग लागली! पण आपल्या इझमिरात कुणी वारलं की त्याच्या नावानेही लोक्माच तळून वाटतात. एका म्हाताऱ्याने पाकातल्या गोळ्यांची वाटी घेतली आणि सवयीने पुटपुटला, "अल्ला त्याला जन्नत देवो." आईने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. "जन्नत तुझ्या घरी ने! माझा मुलगा परवा येतोय." शेजारची मुनेव्वर मावशी अजून तिची नक्कल करून दाखवते.

आई आता अंथरुणातूनच रोज विचारते, "निकाल कुठवर आला गं?" जणू तो स्ट्रासबर्गहून पायी निघालाय. मी म्हणते, येतोय.

वीस तारखेला तुमच्या तुरुंगाची समिती सुटकेचा विचार करायला बसेल आणि तुला विचारेल, "पश्चात्ताप होतो का?" गेल्या दोन्ही वेळी तू "कशाचा?" असं उलट विचारलंस, आणि दोन्ही वेळी मीच तुला शाबासकी लिहून पाठवली. ती आज मागे घेते. आईला अल्सर नाही, दादा. कर्करोग आहे, यकृतापर्यंत पोचलाय. डॉक्टर ऑलिव्हच्या तोडणीपर्यंतचे दिवस सांगतात. तिला यातलं काही माहीत नाही. तू समितीला 'होतो' म्हण. तुझ्याकडे हे मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण म्हण. तिला मी सांगेन, की शेवटी त्यांनी निकाल मानला.

तुझीच धाकटी,
निल्युफर