चातुर्मासात घेतलेलं माप

वसई, १९ डिसेंबर १९९८

तीर्थरूप एकनाथमामांना हेमांगीचा साष्टांग नमस्कार.

नाशिकच्या थंडीत गुडघा कसा आहे? पिंकीताई दोन्ही वेळा शेक देते असं कळलं. तेव्हा तक्रार करण्याइतपत तरी तो हलत असावा. इकडे आई बरी आहे. (माझ्याशी बोलत नाही, पण जेवते व्यवस्थित.)

गेल्या रविवारी आपल्या केयूरच्या वरातीत घोडी किल्ल्याच्या रस्त्यावर मटकन खाली बसली, केयूर मुंडावळ्यांसकट बँडच्या ढोलावर गेला, आणि घोडीवाल्या धर्माने घोडीला माडी पाजली आहे असं तुम्ही दीडशे माणसांसमोर जाहीर केलंत. मामा, ती माडी नव्हती. ते माझं खोगीर होतं. मी चुका लपवणाऱ्यांतली नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

पंपाच्या कारखान्यात दिवसभर ड्रॉइंग काढल्यावर घरी चामड्याचं काम करायचं, हा माझा दोन वर्षांचा छंद तुम्हाला ठाऊक आहे. (आई संध्याकाळची उदबत्ती देवाला कमी आणि गॅलरीतल्या कातड्याला जास्त ओवाळते. खालच्या फ्लॉसी आंटीने एकदा येऊन, बोंबील सडलेत का, अशी चौकशी केली होती.) लगाम आणि पोटाखालून आवळायच्या तंगाचे पट्टे करून हात बसला, तेव्हा पूर्ण खोगीर करायचं ठरवलं. नायगावच्या धर्माकडे एकच घोडी, तिच्या वरातींवर त्याचं घर चालतं, आणि तिचं जुनं खोगीर सुतळीने बांधलेलं. मी नवीन करून देते म्हटलं. त्याने घोडी पुढे उभी केली. त्याला नाही म्हणणं जमत नाही.

सप्टेंबरच्या तीन रविवारी मी शिशाची पट्टी तिच्या पाठीवर चार ठिकाणी वाकवून आकार घेतले आणि पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढलं. लाकडी सांगाडा, वर म्हशीचं चामडं, मेणाचा दोरा, इंचाला सात टाके. कणा मोकळा राहावा म्हणून मधे दोन बोटांची पोकळी. घातलं तेव्हा इतकं चपखल बसलं, की धर्माने ते काढून परत घालून पाहिलं.

चूक तिथेच होती. सप्टेंबर म्हणजे चातुर्मास. लग्नं नाहीत, वराती नाहीत. घोडी तीन महिने नुसती उभी, ओलं गवत खाऊन गोल झालेली. मी मापलं ते तिचं सुटीतलं अंग. तुळशीचं लग्न लागलं आणि महिन्याभरात तिच्या सतरा वराती झाल्या. अंगावरचं मांस उतरलं, पोकळी संपली, आणि लाकूड सरळ कण्यावर टेकलं. धर्माने जखमेला हळद लावली आणि खाली एक घोंगडी जास्त घातली. त्याने दाब आणखी वाढला. वरून जरीची झूल, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. केयूरचं वजन ब्याऐंशी किलो. (त्याला सांगू नका, तो अजून बहात्तर सांगतो.)

तुमच्या त्या जाहीर बोलण्यानंतर धर्माच्या पाच वराती रद्द झाल्या. तेव्हा परत आल्यावर, ज्या आवाजात ते बोललात त्याच आवाजात ते खोटं होतं असं सांगावं, ही विनंती.

आपली भाची,
हेमांगी

ता. क. १ : घोडी मंगळवारपासून उमेळ्याला तुमच्या वाडीत आहे. धर्मा तिला व्यापाऱ्याला देणार होता. फाटक मामीने उघडलं. केळीची तीन रोपं आता नाहीत.

ता. क. २ : डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पाठीवर पुन्हा काही ठेवता येणार नाही.

ता. क. ३ : वर "क्रमाने लिहिते" म्हटलं, त्यात एक राहिलं. हे सगळं धर्माला अजून माहीत नाही. बुधवारी तो खोगीर धुऊन, तेल लावून, फडक्यात बांधून घेऊन आला. म्हणाला, "ताई, खोगीर एकदम बरोबर हाय. माजी घोडीच कमी पडली. तुमची मेहनत फुकट गेली, माफ करा." मी "असू दे" म्हटलं. त्यानंतर रोज वाडीत जाते. तो तिला पाणी पाजत असतो. मी जखम मोजते आणि परत येते. मामा, त्याला तुम्ही सांगाल का?