माळेचा उरलेला अर्धा

वेदीवरचं कापड वॉशिंग मशीनमध्ये घालायचं नसतं. चर्च चार पावलांवर आहे, गेले तीन रविवार मी तिथल्या मागच्या बाकावरून बघते आहे. कापडाला निळसर झाक आली आहे आणि डावी कड चार बोटं खाली लोंबते आहे. माझं हे काम आता क्वायरमध्ये गाणाऱ्या ताईंकडे आहे. त्यांनी ते मोज्यांबरोबर धुतलं, हे मला कोणी सांगायला नको. जन्मभर लोकांचे कपडे धुतले, मोज्याचा रंग ओळखते. आणि वेदीवरचा द्राक्षारसाचा प्याला पुसायचे रुमाल पहिल्यांदा भिजवले की ते पाणी मोरीत सोडायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं. त्यात ख्रिस्ताच्या रक्ताचा थेंब असू शकतो. हे मी ताईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो आजी, लक्षात आहे." लक्षात असतं तर झाड वाळलं नसतं.

हे आधी लिहून टाकलं, नाहीतर राहून गेलं असतं. आता रीतसर.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, मी हा कागद लिहिणारी बाई, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी नापास, धंदा धुणं आणि इस्त्री, नवरा सुतार होता तो देवाघरी, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी छातीतलं पाणी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा काढून उपयोग नाही म्हणाले. पाणी छातीत आहे, डोक्यात नाही. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तर चाललं असतं. वकिलाच्या नमुन्यात 'स्वखुशीने' असं आहे. तो शब्द मी काढला. खुशी नाही, पण स्वतःच्या मनानं लिहिते आहे.

कलम पहिलं. घर. पुढची खोली दुकानाची, मागची राहायची, वर पत्रे. हे घर मुलाला. मुलगा वाईट नाही. रोज फोन करतो, "जेवलीस ना?" विचारतो, आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं बरं" म्हणतो. घर विकायचं तर विकावं, मी अडवायला येणार नाही. ठेवायचं तर रंग देताना भिंतीवरचा क्रूस आधी खाली उतरवावा. मागच्या वेळी रंगाऱ्यानं आळस केला आणि भोवतीनं रंग दिला. आता क्रूस काढला तर मागे जुन्या रंगाचा दुसरा क्रूस निघतो. देवाच्या बाबतीत आमच्या घरात सगळं असंच झालं आहे, भोवतीनं रंग.

बँकेत जे असेल त्यातून मला पुरावं. फुलं नकोत. उरेल ते नातीला.

कलम दुसरं. सामान. मोठी इस्त्री, लहान इस्त्री, पाणी शिंपडायचा डबा आणि नवऱ्यानं केलेलं टेबल, हे बेकरीवाल्याच्या सुनेला. तिचा हात हलका आहे, कॉलर कशी धरायची ते तिला शिकवावं लागलं नाही. बेकरीवाल्याशी माझं तीस वर्षं भांडण आहे. त्याचा धूर माझ्या वाळत्या कपड्यांवर येतो. तो म्हणतो, "आजी, धूर नाही तो, पावाचा वास आहे." मी म्हणते, "मग गिऱ्हाइकांना सांग, शर्ट खा." मी आजारी पडल्यापासून तो रोज सकाळी पाव आणून ठेवतो. त्याला मी माफ केलं आहे, असं इथे नोंदवते. धूर अजून येतो.

कलम तिसरं. सून. तिला माझी काचेची बरणी, भिंतीवरचं घड्याळ आणि एक खरी गोष्ट देते. तिचा धाकटा झाला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्यासाठी तिनं माझ्याकडे पांढरा झगा मागितला होता. मी म्हटलं, उंदरानं कुरतडला. ती मनात धरून बसली, सतरा वर्षं झाली, आणि बरोबर केलं, कारण उंदीर नव्हता. झगा तेव्हाही धड होता, आताही आहे. वर्षातून एकदा मी तो काढते, धुते, इस्त्री करते आणि परत ठेवते. सूनबाई, तुझ्या लेकाचा त्यात काही दोष नव्हता, तुझाही नव्हता. मला तो झगा कोणाच्या अंगावर बघवला नसता, एवढंच.

कलम चौथं. झगा.

तीन वेळा हे पान फाडलं. आता फाडणार नाही, कागद संपत आले आहेत.

तो झगा मी माझ्या लग्नाच्या कपड्यातून शिवला. त्यात आधी माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, मग मुलीचा, मग नातीचा. मुलगी म्हणजे माझी धाकटी. एकोणीस वर्षांपूर्वी ती चोवीसची होती, लग्न झालेलं नव्हतं आणि आठवा महिना लागला होता. ज्यानं शब्द दिला होता तो गाव सोडून गेला होता. मी तिला घराबाहेर काढलं नाही. तसं काही केलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. मी नुसतं बोलणं बंद केलं, ती आपणच एका मैत्रिणीकडे राहायला गेली.

मग एका शनिवारी दुपारी ती दुकानात आली. मी वेदीचं कापड इस्त्री करत होते. पाठीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "आई, तो झगा दे. बाळासाठी."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "तो लग्नाच्या पोरांचा आहे."

मी कड फिरवली, दुसरी बाजू घेतली. वर बघितलं तेव्हा दार उघडं होतं.

बाळ दोन दिवस जगलं. मुलगी होती. मला कोणी कळवलं नाही, मी कळवण्यासारखी नव्हते. दीड महिन्यानं दवाखान्यातली नर्स ॲप्रन घेऊन आली. धाकटी माझी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. सहज बोलता बोलता म्हणाली, "अशीही एक आई बघितली आजी, बाळ जाणार हे कळल्यावर रडली नाही. पेल्यात पाणी मागितलं आणि स्वतःच बाप्तिस्मा दिला. बाळ दवाखान्याच्या टॉवेलात होतं. आम्ही म्हटलं, फादरना बोलावतो. तर म्हणाली, वेळ नाही, आणि अडचणीत कोणीही देऊ शकतं, आईनं शिकवलंय मला."

शिकवलं होतं. ती नऊ वर्षांची असताना, याच टेबलापाशी. पाणी डोक्यावर तीनदा ओतायचं आणि शब्द चुकवायचे नाहीत. तिनं काही चुकवलं नाही. झगा तेवढा नव्हता. तो दीड मैलावर माझ्या कपाटात होता, कडक इस्त्रीत.

नर्सचे ॲप्रन मी त्या दिवशी फुकट करून दिले. ती म्हणाली, का? मी म्हटलं, डाग राहिला एक.

कलम पाचवं. फादर आणि सगळ्या मंडळींसाठी. मी एकोणीस वर्षं मागच्या बाकावर बसते आणि कम्युनियनची भाकर घ्यायला रांगेत येत नाही. तुम्हाला वाटतं गुडघे. गुडघे उत्तम आहेत. मी जुन्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले होते. वाटलं होतं, दहा माळा जपायला सांगतील, वीस सांगतील, उपास सांगतील. ते म्हणाले, "तिच्या दारात जा आणि माफी माग. हेच प्रायश्चित्त." मी म्हटलं, "फादर, दुसरं काहीतरी द्या." ते म्हणाले, "बाई, मी दुकान मांडलेलं नाही, आवडेल ते उचलायला."

ते वारले. नव्या फादरांकडून हलकं प्रायश्चित्त मागून घेता आलं असतं. घेतलं नाही, कारण जुनं बरोबर होतं. गेले नाही, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. प्रायश्चित्त राहिलं, म्हणून ज्या वेदीचे रुमाल दर आठवड्याला धुतले, त्या वेदीवरचा घास तोंडात घेतला नाही. लोक मला भाविक म्हणतात. मी देवाची धोबीण आहे, बाकी काही नाही.

भक्ती कोणाला बघायची असेल तर धाकटीकडे बघा. ती आता त्याच दवाखान्यात काम करते. ज्या बायकांची बाळं वाचत नाहीत त्यांच्याजवळ जाऊन बसते. तिला कोणी नेमलेलं नाही, कोणी पगार देत नाही त्याचा. त्या बाळांसाठी ती घरी लहान लहान पांढरे झगे शिवते, आई कोणत्या धर्माची, लग्न झालंय का, हे विचारत नाही. कॉन्व्हेंटातल्या एक सिस्टर माझ्याकडे जुनं पांढरं कापड मागायला आल्या, त्यांच्याकडून कळलं. तेव्हापासून मी चादरी निवडून, धुऊन, इस्त्री करून सिस्टरांबरोबर पाठवते. कोणाकडून ते सांगू नका असं बजावलं. मी घडी घालताना चारी कोपरे आत दुमडते. दुसरं कोणी तसं करत नाही, मी फक्त एकीलाच शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी रिकामी पिशवी परत आली. पिशवीची घडी होती. चारी कोपरे आत.

त्यावर मी काय केलं, तर पिशवी झग्याशेजारी ठेवली आणि कपाट लावलं.

एकदा बसनं गेले होते. तिच्या फाटकापर्यंत पोचले. ती पाठमोरी होती, दोरीवर झगे वाळत घालत होती. तळव्याहून थोडेच मोठे. तिचे केस मागून पांढरे व्हायला लागले आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी फाटकाची कडी धरली, सोडली, आणि आले त्याच बसनं परत आले. कंडक्टरनं विचारलं, "आजी, काम झालं का?" म्हटलं, झालं.

कलम सहावं. धाकटे, हे तुला.

झगा तुझा आहे. देते असं लिहीत नाही, तुझाच होता. जपून ठेव, नाहीतर काप. नीट कातरलास तर त्यात चार बाळांचे होतील.

लोक काय म्हणतील म्हणून मी तसं बोलले, असं लिहिणार होते. पण लोकांनी काही म्हटलं नव्हतं. बेकरीवाल्यानं तर विचारलं होतं, बाळ कधी येतंय. जे म्हटलं ते मीच म्हटलं. माझं चुकलं. तुझी मी माफी मागते. याला दुसरी बाजू नाही, उलटून बघू नकोस.

दारात यायला हवं होतं. चालता येत होतं तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगून बसले. आता गुडघे आहेत आणि छाती नाही.

कलम सातवं, आणि हे वकिलाला मान्य नाही. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, असा कायदा तो सांगतो. मेल्यावर माफी मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. आपण रोज माळेत मरियेला आमच्यासाठी विनंती कर म्हणतो, ती दोनच वेळांसाठी, आता आणि मरणाच्या वेळी. मी एकोणीस वर्षं पहिली वेळ टाळली. म्हणून असं ठरवते की घर, इस्त्र्या आणि बरणी यांची कलमं मेल्यावर लागू होतील. पाचवं आणि सहावं आजपासून लागू. हा कागद आणि झगा नातीनं उद्या सकाळी आत्याच्या हातात द्यावा. तिथे बसून रडू नये, आत्याला काम असतं. आत्या काही बोलली तर ते शब्द बदलू नयेत. काही बोलली नाही तर तसं येऊन सांगावं.

वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला. शुद्धलेखन जसं आहे तसं आहे.

लिहिणारीची सही: केली आहे, थोडी वाकडी, पण माझीच.
साक्षीदार पहिला: बेकरीवाला. हाताचं पीठ पुसून सही केली.
साक्षीदार दुसरी: पोस्टातली बाई. आधी वाचलं, मग चष्मा काढला, मग सही केली.
ठिकाण: इस्त्रीचं टेबल.
तारीख: माझ्या हिशेबानं बुधवार. आकडे वकिलानं घालावेत.

सह्यांच्या खाली काही लिहायचं नसतं, असं वकिलानं बजावलं होतं. साक्षीदार अजून बसलेत, त्यांच्यादेखत लिहिते.

धाकटी घरात होती तोवर रोज संध्याकाळी माळ आम्ही दोघी म्हणायचो. नवरा झोपायचा, मुलगा शब्द चावायचा. मी 'नमो मरिये' म्हणायचे, ती 'हे पवित्र मरिये' म्हणून उत्तर द्यायची, माझं संपायच्या आत घाईनं. ती गेल्यापासून मी पहिला अर्धा म्हणते आणि दुसऱ्याला लागतो तेवढा वेळ गप्प बसते. मग पुढचा मणी. एकोणीस वर्षं देवाकडे अर्ध्याच माळा गेल्या आहेत.

या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी माळ घेऊन बसेन. दाराला कडी नसेल. शनिवारी मी शवपेटीत असले तर पहिला अर्धा मुलानं म्हणावा, शब्द न चावता. पहिला अर्धा झाला की मुलगा, सून, नात, फादर, क्वायरच्या ताई, जो कोणी खोलीत असेल त्यानं तोंड मिटून बसावं. खोली गप्प राहिली तर राहू द्यावी. कोणी दयेनं मध्ये बोलू नये. उत्तर धाकटीनंच द्यायचं.