आधी राहायूचा कागद

३ जून, सोमवार
सगळ्यांच्या आधी उगवली ती समोरची तेमूबाई, बू तेमू. माझं बोचकं अजून रिक्षातच, आणि ही तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन दारात. केळी आपली निमित्ताला. म्हातारी किती दिवस ठाण मांडणार ते बघायचं होतं. मी म्हटलं, पणतीचं लग्न लागेस्तोवर. तिचा नवरा पाक दार्मिन, म्हणजे दार्मिनराव, गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून बाईच्या तोंडाला सुट्टी नाही. बोललं नाही तर घर खायला उठतं, म्हणाली. खरंय बाई.
पणती म्हणजे जेनार, सात महिन्यांची. इतकी गुटगुटीत की कडेवर घेतली तर माझी कंबरच बोलली. नातजावई बोटीवर, नात वेनिंग कामावर, आणि माझी लेक राहायू, वेनिंगची आई, वर्षापूर्वी याच घरात गेली. नातीचं तोंडही बघितलं नाही तिनं. म्हणून मी, वेनिंगची आजी, तिची म्बाह, आले. वही वेनिंगनं दिली. म्हणाली, प्रौढांच्या शाळेत शिकलीस ते विसरशील, लिहीत जा.

८ जून, शनिवार
वेनिंग तीन दिवसांनी घरी आली, डोळे सुजलेले. तिच्या कचेरीत साऱ्या जिल्ह्याचे जन्म, लग्नं, मरणं मशीनमध्ये ठेवतात. तो सगळा डेटाबेस बिघडला. रोजच्या नकलाही तिथंच शेजारी, त्याही गेल्या. मी म्हटलं, अगं बियाणं आणि खायचा दाणा एका कणगीत ठेवतं का कुणी? साहेबाला सांग म्हणावं, म्हातारी विचारते. ती हसली, मग रडली. एकच बॅकअप धड उरलाय, दीड वर्षापूर्वीचा, दुसऱ्या शहरात ठेवलेला. तो उतरवायला चार दिवस. पुढचं सगळं कागदांवरून हातानं भरायचं, तेही तारखेच्या क्रमानं. एका घरातला आधीचा कागद गाळून पुढचा मशीन घेतच नाही म्हणे. मशीन कसलं, माझी सासूच.

१३ जून, गुरुवार
उतरलं एकदाचं! कचेरीची माणसं आमच्या अंगणात जेवायला. पिवळ्या भाताचा डोंगर मी रचला, कमरेएवढा. भाताला हात लावण्याआधी साहेब म्हणाले, नावं नीट आली का बघू, या गल्लीचीच यादी वाचा. वेनिंग वाचायला लागली. मेलेलेही आले त्यात, दीड वर्षापूर्वी जितेच होते ना. पाक दार्मिन. मग राहायू. वेनिंगनं यादी मिटली. प्रार्थना सांगणारे म्हातारबा म्हणाले, पुरे करा, भातासमोर नाव घेतलं की आवतण जातं. मीच म्हटलं, वाच गं, जेवू दे माझ्या लेकीला.
जेनार यादीत नव्हती. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

१४ जून, शुक्रवार
काय लिहू! पाक दार्मिन आला. भर सकाळी ओट्यावर बसून कॉफी मागतोय. बू तेमू हसतेय, रडतेय, मला बोलावतेय. मला बघून म्हणाला, भात झकास होता म्बाह, मिठाला जरा हात आखडता घ्या.
आणि दुपारी माझी राहायू आली. तेच केस, तीच वाकडी चाल. मी तिला सोडतच नव्हते. अंग गार आहे जरा. लांबून आलीय ना.

१७ जून, सोमवार
राहायूनं विचारलं, ही पोर कुणाची. वेनिंग म्हणाली, आई, तुझी नात. राहायू म्हणाली, या घरात तीनच माणसं. मी, तू, जावई. हे तिनं शांतपणे, बोटं मोजून सांगितलं. पाक दार्मिननं तर जेनारवरच पिशवी ठेवली. ती रडली तरी त्याला ऐकू येईना.
जेनार आज कडेवर हलकी लागली. पोट बिघडलं असेल.

१९ जून, बुधवार
वेनिंगचं दूध आटलं. पाळण्यात तिनं चादरी रचल्या. मी खालून पोर ओढून काढली. जेनार रडली नाही. वेनिंग म्हणाली, म्बाह, नुसतं दुपटं काय कडेवर घेऊन फिरतेस? बू तेमूही तेच म्हणाली. मला एकटीलाच दिसते. माझं नाव गावच्या दप्तरात, दुसऱ्या जिल्ह्यात, इथल्या यादीत नाही. म्हणूनच बहुतेक.

२० जून, गुरुवार
जन्माचा कागद ट्रंकेत सापडला. वेनिंगपुढे धरला. बराच वेळ वाचला तिनं, मग माझ्या कडेकडे बघितलं. म्हटलं, जा, भर लगेच. म्हणाली, याच्या आधी आईचा कागद भरावा लागेल. मरणाचा. तो भरला की —
राहायू मागे बसून माझे केस विंचरत होती. सगळं ऐकत होती.
मी म्हटलं, उद्या भरू.
मीच म्हटलं.

२१ जून, शुक्रवार
राहायू आणि दार्मिन सकाळी बाहेर पडले. आमच्या गल्लीतले परत आलेले इतरही होते बरोबर, सात-आठ. घराघरातली माणसं यादीशी जुळवून बघतायत. सोमवारी परत येऊ म्हणाले. जास्तीचं असेल ते घेऊन जाऊ.
जेनारचे पाय — उन्हात धरले तर पलीकडची भिंत दिसते.
दोन्ही कागद वेनिंगच्या हातात दिले. आधी राहायूचा. माझ्या लेकीचा. जा म्हटलं. गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वेनिंग आली. हसत. आईचा कागद फाडला म्हणाली. दुसरा कसला होता आठवत नाही. आणि माझं नाव या घरात घातलं. मागची तारीख टाकली, म्हणून घेतलं मशीननं. म्बाह, आता तू परकी नाहीस.
मी ओरडले — मग तशीच मागची तारीख टाकून हिचं —
हिचं —
नाव ओठांवर आहे. वर लिहिलंय मी. वाचते तर अक्षरं लागत नाहीत —

२३ जून
कडेवर काहीतरी आहे. ऊब आहे. सोडू नये असं वाटतं, का ते —
राहायूचा निरोप आला. सोमवारी नक्की. जास्तीचं ते दारात काढून ठेवा. काय जास्तीचं गं, विचारलं वेनिंगला. तिलाही —
हात रिकामा नाही माझा. सोमवारी येतो म्हणालेत. सोमवार म्हणजे उद्याच.