आठ अक्षरांपुढचं नाव
आप्पा, त्या दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि तुम्ही माझ्या खुर्चीमागं उभे होता. थोरला दादा आजही म्हणतो, आप्पा तेव्हा माल घेणाऱ्या पार्टीकडं गेले होते. खोटं! तुमच्या तंबाखूचा वास येत होता मला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बापाला हे विचारायचं राहिलंच.

भोसरीच्या आपल्या शेडमधलं, पत्रा कापायच्या मशीनवरचं काम. कव्हर प्लेटी, डाव्या आणि उजव्या. दोन्हींचे प्रोग्रॅम मी लिहिले, मशीनच्या कॉम्प्युटरवर चढवले आणि इंग्रजीत ऐसपैस नावं दिली, 'कव्हरप्लेटलेफ्ट' आणि 'कव्हरप्लेटराइट'. मेला तो कॉम्प्युटर नावाची पहिली आठच अक्षरं ठेवायचा, पुढची मुकाट्यानं कापायचा. तिथवर दोन्ही नावं सारखीच, म्हणून उजवीचा प्रोग्रॅम डावीवर जाऊन बसला आणि डावीचा पुसला गेला. सगळा लॉट उजवाच निघाला, निम्मा भंगारात. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोरी, ह्ये तुझं काम न्हाई. तू बिलं बघ." खुर्ची दादाला दिलीत. किती रडले मी, तुम्हाला काय त्याचं!

मला वाटायचं, दादानंच मुद्दाम पुसला. लग्नानंतर चाकणला आमचं स्वतःचं शेड झालं, तसलंच जुनं मशीन आलं, तेव्हा ही आठ अक्षरांची भानगड कळली. दादा सुटला. पण तुम्ही? तुम्ही तर प्रत्येक नावात आधी डावं-उजवं टाकायचात आणि मग बाकीचं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग मला टाइप करताना बघून गप्प का राहिलात? पोरगी शिकावी म्हणून, की पोरगी हटावी म्हणून? आई म्हणायची, तुझा स्वभावच संशयी. असेल. पण तो काय मी माहेराबाहेरून आणला?

काल सून त्याच जुन्या मशीनच्या कॉम्प्युटरवर बसली. हिंजवडीची नोकरी सोडून आलीय. माझ्या लेकाला सांगते, आईंनी आता आराम करावा. पोर हुशार आहे हो, पण तो 'आराम' माझ्या कानात टोचतो. आराम म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. तिचं हे पहिलंच काम, दाराच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांचं. ती लांबलचक नावं टाइप करतेय, दोन्हींची सुरुवात एकच, आणि मी मागं उभी. मान वळवून विचारते, "आई, नाव असं चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणते.

आज गुरुवार, कारखान्यांची आठवड्याची सुट्टी. मशीन बंद आहे, उद्या पहिल्या शिफ्टला चालू होईल. तोवर सांगायला भरपूर वेळ आहे, आप्पा. ती आत चहा टाकतेय, इथून हाक मारली तर ऐकू जाईल. मी अजून मारलेली नाही.